फ्लॅशचं बटण

भोसरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावर दिव्यांचा फोन आहे. कुठलं एक्स्टेन्शन बोलतंय, कुठलं मोकळं आहे, सगळं त्यावर बसल्या जागी दिसतं. आम्हा बाकीच्यांना साधे फोन. बारा बटणं, शिवाय रीडायल आणि फ्लॅश. पडदा नाही, दिवा नाही. मागून दोन तारा निघतात त्या थेट ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या डब्यात.

या फोनला स्वतःहून काहीच येत नाही. कॉल होल्डवर ठेवणं, दुसऱ्याला देणं, शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्याकडे ओढून घेणं, ही सगळी अक्कल त्या डब्यात. ती बाहेर काढायचे आकडे टेबलाच्या काचेखालच्या कागदावर. त्या कागदावर रिटायर झालेली माणसंसुद्धा अजून आपापल्या एक्स्टेन्शनवर हजर असतात.

माझा जीव आहे तो फ्लॅशवर. हे बटण करतं काय, तर क्षणभर लाइन तोडतं आणि पुन्हा जोडतं. आता फोन खाली ठेवणं म्हणजेही लाइन तोडणंच. आणि जुन्या चकतीच्या फोनवर नंबर फिरवणं म्हणजेही तेच: पाच फिरवला की लाइन पाचदा तुटायची, शून्याला दहादा, सेकंदाला साधारण दहा या वेगानं. म्हणून तर चकतीला कुलूप घालणाऱ्या साहेबांच्या नाकावर टिच्चून लोक नुसतं क्रेडल, म्हणजे रिसीव्हरखालचा खटका, टकटकवून हवा तो नंबर लावत. डबा बिचारा फक्त वेळ मोजतो. निमिषभर तुटली तर आकडा, अर्ध्या सेकंदाच्या आसपास तुटली तर ‘थांबा, याला दुसरीकडे द्यायचंय’, आणि त्याहून लांबलं तर माणूस फोन ठेवून गेला. आपल्या मनातलं ओळखायला त्याच्यापाशी दुसरं साधनच नाही.

अकाउंट्सच्या काकू बटणाला हात लावत नाहीत. क्रेडलच बोटानं दाबतात, तबल्यावर थाप पडावी तसं. त्यांचा कॉल कधी तुटत नाही. नवी पोरं तसं करायला जातात आणि दिल्लीचं गिऱ्हाईक गायब!

कॉल द्यायचा तर फ्लॅश, डायलटोन, स्टोअरचा नंबर, “दादा, बिलाबद्दल विचारतायत, देऊ का?” आणि मग रिसीव्हर खाली. काही जण हे मधलं वाक्य गाळतात. पलीकडे घंटी वाजायला लागली की फोन ठेवून मोकळे. गिऱ्हाईक मग स्टोअरला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगतं. घाई असते हे मान्य, पण मला तो निव्वळ उर्मटपणा वाटतो.

कोणाचा फोन आहे हे दिसायची सोय नाही, तरी कान शिकतात. आमच्याकडे आतला फोन एकेरी वाजतो, बाहेरचा दुहेरी. एकेरीला सगळे नुसतं “बोला” म्हणतात. दुहेरीला तीच माणसं सावरून बसतात आणि आवाजात साखर घोळून कंपनीचं नाव घेतात.

या फोनची खरी ऐट मात्र वीज गेल्यावर. डब्याची बॅटरीही उतरली की दिव्यांचा फोन ठार मुका होतो, कारण तो डब्याशिवाय कोणाशी बोलूच शकत नाही. साध्या फोनला टेलिफोन एक्स्चेंजची लाइन जशीच्या तशी चालते, त्याला लागणारी वीजही त्याच तारांतून येते. त्यामुळे अशा वेळी बाहेरची एक लाइन ठरलेल्या एका साध्या फोनवर आपोआप जाईल, अशी सोय कित्येक डब्यांत असते. आमच्याकडे तो मान स्टोअरच्या फोनचा. मग साहेब जिना उतरून येतात, नटबोल्टच्या खोक्यांमध्ये स्टुलावर बसतात आणि सवयीनं आधी डब्यातून बाहेरची लाइन घ्यायचं शून्य दाबतात.

“साहेब, आता शून्य नको,” स्टोअरचे दादा मान वर न करता सांगतात. “थेट लाइन आहे. शून्य लावलंत तर एसटीडीला जाईल.”