कोंबड्यांच्या खुराड्यातून निघालेली बोट

रविवार, रात्री साडेअकरा

हात अजून खाजतायत. बोटीच्या सांध्यांवरची जुनी फायबरची पट्टी घासताना फुल बाह्यांचा शर्ट घाल असं बायकोने तीनदा सांगितलेलं, पण मे महिना, वर पार्किंगचा पत्रा, कोण घालतं. आता खोबरेल तेल चोळून बसलोय आणि झोप येत नाहीये म्हणून लिहितोय, कारण आज बोटीला नाव मिळालं. मी ठेवलेलं नाही, तिचं स्वतःचं, कुळाचं.

आधीचंही लिहून ठेवतो नाहीतर विसरेन. मार्चमध्ये नाशिकजवळ गिरणाऱ्याला मामाकडे गेलेलो, तिथे शेजारच्या आजोबांच्या कांदाचाळीमागे ती पालथी पडलेली आणि खाली आठ-दहा कोंबड्या. मला आधी वाटलं गुरांची डोणी असेल. मग वाकून बघितलं तर तळाला मधोमध लांबलचक फट, आता पाण्याच्या डोणीला खाली फट कोण ठेवेल. आजोबा म्हणाले, "आरं ती शिडाची होडी हाये. मुंबईला नोकरीला होतो तव्हा लिलावात घेतली. धरणावर चालवू म्हटलं. एकदाच पाण्यात घातली, मंग तुझी आजी म्हणली का एक तर ही ऱ्हाईल नाहीतर मी." पैसे घेतले नाहीत. म्हणाले कोंबड्यांना दुसरं खुराडं बांधून दे आणि घेऊन जा. खुराड्याला जाळी, अँगल आणि मजुरी धरून ४,७०० रुपये गेले. म्हणजे बोटीची किंमत ४,७०० धरायची, आईला मात्र फुकट मिळाली असंच सांगितलंय.

पिकअपमधून आणली, मागे तीन-चार फूट बाहेर लटकत होती म्हणून लाल फडकं बांधलं, आणि गंगापूर रोडला प्रत्येक सिग्नलवर कुणीतरी काच खाली करून विचारत होतं, पूर येणारे का? एक जण तर म्हणाला दुतोंड्या मारुतीला विचारून घ्या आधी (गोदावरीला किती पूर आलाय ते नाशकात त्या मूर्तीवरूनच बघतात).

तर नाव. मला शिडाच्या बोटींतलं शष्प कळत नव्हतं. मार्चभर वाचत बसलो तेव्हा एवढं कळलं की या छोट्या बोटींना डिंगी म्हणतात आणि त्यांच्या जाती ठरलेल्या असतात, एका जातीच्या सगळ्या बोटी एका मापाच्या, म्हणजे शर्यतीत बोट नाही तर माणूस जिंकतो. मग एकेक बाद करत गेलो. नाक टोकदार, म्हणजे मिरर नाही, तिचं नाक कापल्यासारखं आणि लांबी जेमतेम १० फूट १० इंच. फायरबॉलचं नाकही चपटं आणि ती १६ फुटांच्या वर, ती पण गेली. लेझर फायबरची, एकट्याची. आपली प्लायवूडची, दोन माणसांची. टेप लावली तर जवळजवळ १४ फूट भरली, म्हटलं झालं, जीपी १४, नावातच १४ आहे की. तीन आठवडे मी तिला जीपी १४ म्हणून सांगत फिरलो, कंपनीत दोघांना ज्ञानही पाजलं.

आणि आज डोकं फिरलं. बोट पालथी होती ना मोजली तेव्हा, मी टेप नाकाच्या शेंड्यापासून नाकावरून खाली, मग पोटावरून मागच्या फळीपर्यंत नेलेली! म्हणजे माणसाची उंची कपाळ, नाक, पोट असं करत मोजायची तसं. दिवसभर कंपनीत क्वालिटीत व्हर्नियर घेऊन दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट रिजेक्ट करणारा मी. आज दोरीला नट बांधून ओळंबा केला, दोन्ही टोकांखाली फरशीवर खडूने खूण केली आणि खुणांमधलं अंतर मोजलं. १३ फूट ३ इंच. रुंदी ५ फूट ३. आणि प्रत्येक बाजूला तळापासून काठापर्यंत दोन-दोन कंगोरे. एंटरप्राइज! जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने १९५६ साली काढलेली. गंमत म्हणजे जीपी १४ पण त्याचीच, १९४९ ची, त्यामुळे मी अगदीच परक्या घरात शिरलो नव्हतो.

तरी खात्री म्हणून आजोबांना फोन लावला, शीड कसं होतं हो? म्हणाले निळं. एंटरप्राइजची शिडं निळीच असतात, तीच तिची ओळख. कुठंय ते? "कांद्यावर टाकलंय की." आणि डोलकाठी? "ती टीव्हीच्या अँटिनाला लावलेली, डिशची छत्री आली तव्हापासून नुसती उभी हाये." मामाने फोटो पाठवला. कांद्याच्या ढिगावर विटकी निळी ताडपत्री, तिच्या कोपऱ्यात मोठा ई. दोन महिने मी तिथे जातोय, त्या ढिगाला टेकून चहा प्यालोय.

मग आजोबा सुटलेच. ८२ चं एशियाड दिल्लीला झालं पण शिडाच्या बोटींच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात होत्या, आणि त्यात एंटरप्राइजचीही शर्यत होती. ऑफिसला दांडी मारून बघायला गेलो होतो म्हणाले, लांबून नुसती शिडं दिसली. आपलं गोल्ड फायरबॉलमध्ये आलं, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया. त्यांना नावं पाठ आहेत! कोंबड्या ठेवल्या खाली पण नावं पाठ.

गुरुवार

बायकोचं म्हणणं, नाव कळलं तर असा काय फरक पडला, भोकं तेवढीच आहेत ना. पडतो की. आता मला माहितीये तळाचा प्लाय ६ मिलीचा असायला हवा, मधल्या फटीतून वरखाली होणारी फळी म्हणजे सेंटरबोर्ड कुठपर्यंत उतरते, शीड किती मोठं. काय गायब आहे हे कळायला आधी काय होतं हे कळावं लागतं. परवापर्यंत मी नुसतं घासत होतो.

आज कंपनीतून आल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंच इंच ठोकून बघितली. मडकं घेताना वाजवतात तसंच. चांगला प्लाय टण् वाजतो, सडलेला बद्द. बद्द आलं की टोकाने हळूच टोचायचं, आत गेलं तर खडूने गोल. डावीकडे मागच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर केकमध्ये जावा तसा गेला. वाळवी. बाकी सुकी आहे, पत्र्याखाली होती आणि कोंबड्या असतील तिथे किडे फार टिकत नसावेत. एकूण सात गोल. आई म्हणाली रांगोळी बरी आलीये.

रविवार

सुतारकाका आले. त्यांचा आग्रह की आतून एक पट्टी मारू, खिळे ठोकू, पुट्टी भरू, कशाला एवढं. मी म्हटलं नाही काका, जुन्या-नव्या दोन्ही प्लायना तिरका उतार काढून एकावर एक चिकटवायचे, जाडीच्या आठपट उतार, ६ मिलीला ४८ मिली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना लाकूड शिकवतोय, आणि तसंच होतं ते, लाज वाटली. पण मग रंध्याने उतार त्यांनीच काढला, प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांसारखे एका रेषेत दिसायला लागले, आणि दोन्ही तुकडे जुळवल्यावर बोटाला सांधा लागेना. काका स्वतःच तीनदा बोट फिरवून बघत होते. मी फोटो काढला तर म्हणाले, पॉलिश झाल्यावर काढ.

प्लाय आयएस ७१० (भारतीय स्टँडर्ड) चा आणला, मरीन म्हणतात तो. नाशकात तो किचनच्या सिंकखाली जातो, बोटीला म्हटल्यावर दुकानदार हसला. स्टँडर्डप्रमाणे तो ७२ तास उकळला तरी थर सुटायला नकोत. मी तुकडा आईच्या जुन्या पातेल्यात चार तास उकळला, थर सुटले नाहीत, पण घरभर असा वास की वरणाला हात कुणी लावला नाही. बाहत्तर तासांचं घरात बोललोच नाही.

मंगळवार

आज धूर निघाला. खराखुरा धूर. एमआयडीसीतला एक फायबरवाला ओळखीचा आहे, तो म्हणत होता पॉलिस्टर रेझीन मार, स्वस्तात होईल, पण ते लाकडाला नीट धरत नाही, पुढे पापुद्रे निघतात, म्हणून इपॉक्सी आणलं, महाग आहे. आणि मी हुशारी करून सगळं एकदम कालवलं, प्लास्टिकच्या मगात. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापतं, मगात गच्च भरलेलं असलं की ती उष्णता जाणार कुठे, तापतं म्हणून आणखी जोरात घट्ट होतं. त्यात नाशिकचं ऊन. दहा मिनिटांत तो प्लास्टिकचा मग हातात धरवेना, वाकडा झाला आणि धूर. अंगणात नेऊन ठेवला. साधारण नऊशे रुपयांचा पिवळा दगड तयार झालाय, मुलगा म्हणतो पेपरवेट. दुसऱ्यांदा थोडंच केलं आणि पसरट ट्रेमध्ये ओतून ठेवलं, तर निवांत वेळ मिळाला.

शनिवार, १३ जून

पाण्याची टेस्ट. बोट पाण्यात न घालता पाणीच बोटीत घालायचं, आतून भरायचं आणि बाहेरून बघायचं. जास्त नाही, चार बोटं, कारण लिटरला किलो वजन आणि खाली नुसते टायर. सातही गोल कोरडे! सुतारकाकांना लगेच फोन केला. गळतंय ते भलतीकडेच, सेंटरबोर्डची पेटी तळाला जोडते तिथे, जिथे मी हातच लावला नव्हता. जास्त नाही, थेंब, थांबून थेंब. मुलाने खाली वाटी ठेवली, सकाळी किती भरते बघू म्हणाला.

रविवार, १४ जून

वाटी काठोकाठ. माझं तोंडच उतरलं. मग बायकोने दाखवलं की रात्री पाऊस झालाय, आणि वाटीच्या बरोबर वर पार्किंगच्या पत्र्याला भोक आहे. वाटीतलं पाणी सांध्यातून गळलेलं का पत्र्यातून पडून बोटीच्या फटीतून खाली आलेलं, काही कळायला मार्ग नाही. आज पत्र्याला एम-सील लावलं. संध्याकाळी परत चार बोटं पाणी.