नौदलाच्या गावाचं मत

११ नोव्हेंबर, सॅन डिएगो

पुण्याहून कुणी आलं की आम्ही त्यांना बंदरावर नेतोच. त्या अवाढव्य राखाडी युद्धनौका बघून पाहुणा हमखास म्हणतो, "म्हणजे हे गाव रिपब्लिकनांचंच!" आज व्हेटरन्स डे, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस, सुट्टी होती, म्हणून या वाक्याबद्दल एकदा नीट लिहून ठेवतोय.

एकेकाळी होतंही तसंच. १९४८ ते २००४ या काळात सॅन डिएगो काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) अध्यक्षपदासाठी एकदाच डेमोक्रॅट उमेदवाराला पुढे ठेवलं, १९९२ मध्ये क्लिंटनना. १९६४ मध्ये डेमोक्रॅट जॉन्सननी जवळजवळ सगळा देश जिंकला, कॅलिफोर्नियाही जिंकला, पण इथे रिपब्लिकन गोल्डवॉटरच थोडक्यात पुढे राहिले. १९४८ च्या आधीचा काळ मात्र डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्टचा. जुलै १९४४ मध्ये पक्षाचं अधिवेशन शिकागोत भरलेलं आणि रूझवेल्ट इथे, नौदलाच्या तळावर उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात. तिथूनच त्यांनी रेडिओवर उमेदवारी स्वीकारली आणि मग युद्धनौकेने पर्ल हार्बरला निघाले.

१९९२ चा विजयसुद्धा अर्धामुर्धाच. क्लिंटनना चाळीस टक्केही मिळाली नव्हती, कारण साधारण चौथा हिस्सा मतं अपक्ष उमेदवार रॉस पेरो घेऊन गेले. पेरो स्वतः नौदल अकादमीत शिकलेले. त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स स्टॉकडेल तर इथले, खाडीपलीकडच्या कोरोनाडोचे. उत्तर व्हिएतनामच्या कैदेत साडेसात वर्षं काढलेला माणूस! त्यांच्या पत्नी सिबिल यांनी त्या वर्षांत युद्धकैद्यांच्या बायकांना एकत्र आणून सरकारला कैद्यांबद्दल बोलायला भाग पाडलं. टीव्हीवरच्या एका चर्चेत स्टॉकडेल अडखळले आणि सगळ्या देशाने त्यांची टिंगल केली. मला अजूनही त्याचा राग येतो.

शीतयुद्ध तेव्हा नुकतंच संपलं होतं. इथल्या ज्या कॉनव्हेअर कंपनीत अॅटलस क्षेपणास्त्रं बनायची, ती पुढे बंद झाली. मोबाइलच्या चिप बनवणारी क्वालकॉम वाढली, औषधसंशोधनाच्या कंपन्या आल्या. आपली बरीच मराठी मंडळी त्याच लाटेत इथे आली. मेक्सिकन, व्हिएतनामी, फिलिपिनो घरांतली पुढची पिढी मतदार झाली. २००८ मध्ये रिपब्लिकनांतर्फे मॅकेन उभे होते. वडील आणि आजोबा दोघेही अॅडमिरल, स्वतः नौदलाचे वैमानिक, तेही युद्धकैदी. तरी या नौदलाच्या गावाने ओबामांना ५४ टक्के मतं दिली.

आमच्या समोरच्या घरात एक फिलिपिनो आजोबा राहतात. मुलं त्यांना 'लोलो' म्हणतात, म्हणून आम्हीही. साठच्या दशकात ते अमेरिकन नौदलात भरती झाले, तेव्हा फिलिपिनो पोरांना बहुतेक स्टुअर्डचंच काम मिळायचं. अधिकाऱ्यांना जेवण वाढायचं, त्यांच्या खोल्या आवरायच्या, बूट चमकवायचे. तेच लोलो पुढे चीफच्या हुद्द्यापर्यंत पोचून निवृत्त झाले. रेगनना त्यांनी दोन्ही वेळा मत दिलं. २००८ मध्ये ओबामांना दिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मुलगा इराकला दुसऱ्यांदा गेला होता." इतकंच. पुढे त्यांनी टपालाने आलेल्या मतपत्रिकेचं पाकीट दाखवलं होतं. सही नीट जुळावी म्हणून ते आधी कोऱ्या कागदावर गिरवून बघतात.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. गणवेशातली जी तरुण पोरं रस्त्यावर दिसतात, त्यातली कित्येक इथे मतच देत नाहीत. कायद्याने त्यांना आपलं मूळ राज्य कायम ठेवता येतं. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तिथला पत्ता सोडायची कुणाला घाई नसते. त्यांची मतं टपालाने तिकडे जातात. इथल्या मोजणीत सैन्याचा आवाज येतो तो मुख्यतः लोलोंसारख्या निवृत्तांचा, नौसैनिकांच्या घरच्यांचा आणि गोदीत काम करणाऱ्यांचा. त्या घरांतून एकगठ्ठा मत निघेल असं समजणं मला त्यांच्यावर अन्याय वाटतो.

२०२० मध्ये बायडनना इथे ६० टक्के मिळाली, २०२४ मध्ये हॅरिसना ५७ च्या आसपास. शेजारची इम्पीरियल काउंटी तर ट्रम्पकडे गेली, आणि तिथे बहुसंख्य लॅटिनो. आपल्याकडे ही घसरण दक्षिणेकडच्या नॅशनल सिटी आणि चुला व्हिस्टात जास्त झाली की उत्तरेकडे, हे मतदान केंद्रवार आकडे काढून बघायचंय. लोलो म्हणाले, तेही बसतील सोबत.