मावशी, भाता आणि सेंट थॉमसचा ऑर्गन

चर्चगेटला रोज लाखो माणसं उतरतात. पण ज्या चर्चवरून किल्ल्याच्या वेशीला आणि मग स्टेशनला ते नाव पडलं, ते सेंट थॉमस कॅथेड्रल आहे हॉर्निमन सर्कलपाशी. १६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरनं काम काढलं, भिंती अर्ध्यावर राहिल्या, आणि चाळीसेक वर्षांनी, १७१८ च्या नाताळात, चर्च एकदाचं उघडलं. मुंबईत बांधकामं रखडतात ही काही आजची गोष्ट नाही.

सोबत मावशी होती. ती भजनी मंडळात पेटी वाजवते आणि नाट्यसंगीत म्हणजे तिचा जीव की प्राण. ऑर्गन म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे येतो बालगंधर्वांच्या साथीला असायचा तो, पायानं भाता मारायचा. त्यामुळे संगमरवरी स्मारकं मी एकटीच बघत होते. ही थेट पाइपांपुढे जाऊन उभी. "अगं, पण याचा भाता कुठंय?"

भाता असतो, पण आत, दडलेला. पूर्वी असल्या ऑर्गनांचा भाता हलवायला वेगळा माणूस लागे, पुढे विजेचे पंखे आले. वादकाच्या हातात असतात पट्ट्या आणि स्टॉपची बोंडं. बोंड ओढलं की त्या जातीच्या पाइपांना हवा मिळते, पट्टी दाबली की त्यातला एक बोलतो. दर्शनी पाइपच्या खालच्या अंगाला आडवी फट असते, शिट्टीला असते तशी. हवा तिच्या कडेवर आपटते आणि सूर निघतो. पाइप दुप्पट लांब केला की सूर सप्तकभर खाली. त्यामुळे ऑर्गनात आठ फुटी पाइपही असतो आणि करंगळीएवढाही.

मुंबईची हवा मात्र या वाद्याची वैरीण. ऊन तापलं की शिट्टीच्या जातीच्या पाइपांचा सूर चढतो. पत्तीचे पाइप, म्हणजे पेटीसारखी पत्ती थरथरून वाजणारे, त्या मानानं जागचे हलत नाहीत, आणि मग दोघांचं जमेनासं होतं. शिवाय दमटपणानं लाकूड फुगतं, चामडं कुजतं. "पावसाळ्यात माझ्या पेटीच्याही पट्ट्या अडकतात," मावशी म्हणाली. बऱ्याच वेळानं तिला घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं असावं.

मला स्वतःला ऑर्गनपेक्षा त्याच्यामागून आलेल्या शाळेची गोष्ट जास्त आवडते. वाद्य विलायतेहून मागवता येतं, गळे कुठून मागवणार? या कॅथेड्रलला गाणारी मुलं मिळावीत म्हणून १८७५ मध्ये एक क्वायर स्कूल निघालं. फोर्टातल्या आजच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेची एक मुळी तिथं जाते. दुसरी स्कॉटिश मंडळींच्या शाळेत, आणि १९२२ मध्ये दोन्ही एक झाल्या. एरवी शाळेला चॅपल असतं. इथं प्रार्थनेच्या गाण्यासाठी शाळा उभी राहिली! आज त्या शाळेत प्रवेश मिळवायला पालक काय काय करतात ते सांगायला नको. गळा कुणी विचारत नाही.

बाहेर कावसजी जहांगीर रेडीमनींनी दिलेलं कारंजं आहे, गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराच्या नकाशाबरहुकूम केलेलं. मी फोटो काढत होते, मावशीचा हिशेब वेगळाच चालू होता.

"आमच्या मंडळात सगळ्यात लहान कोण, माहितीये? मी. बासष्ट वर्षांची. अध्यक्षीणबाईंना सांगते, नवी पेटी नंतर घ्या, आधी शाळा काढा."