भरून घे

शनिवार, 16 ऑगस्ट 2025. रात्रीचे साडेअकरा.

पाय दुखतायत. मँचेस्टरहून सकाळच्या गाडीने आई-बाबांना लिव्हरपूलला नेलं, दिवसभर नदीकाठी चालवलं. आई झोपली. बाबा फोनवर काळाचौकीची दहीहंडी बघतायत, आवाज पूर्ण सोडून.

अल्बर्ट गोदीत दुपारी एकच्या सुमाराला पोचलो तेव्हा मुंगी शिरायला जागा नव्हती. लाल जर्सीवाले, बाबागाड्या, आइस्क्रीम, बीटल्सचे टी-शर्ट. टेट कलादालन नूतनीकरणासाठी बंद, म्हणजे तासभर सावलीत बसवायचा माझा बेत तिथेच कोसळला. बाबांना मात्र इमारतीच आवडल्या. 1846 ची गोदी, वीट, दगड आणि ओतीव लोखंड. आग लागू नये म्हणून सांगाड्यात लाकूड वापरलंच नाही, हे मी सांगितल्यावर त्यांनी एका जाडजूड लाल खांबावर टकटक करून खात्री करून घेतली. इथे कापूसही साठवत, म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: "मग काटे कुठे होते?"

बाबा वैधमापनमधून, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यातून, निवृत्त झालेत. मुंबईच्या कॉटन ग्रीन स्टेशनच्या अलीकडे वाढलेला माणूस. कापसाच्या गाठी त्याला नव्या नाहीत. अमेरिकेतल्या यादवीत, 1861 ते 65, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईहून लिव्हरपूलला गाठी भरभरून येऊ लागल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, युद्ध संपताच बाजार आपटला आणि शेअरवाले बुडाले. हे बाबांनीच मला शाळेत असताना सांगितलं होतं. आज त्यांनी एवढंच विचारलं, की तिथे भरलेलं वजन आणि इथे उतरलेलं वजन जुळायचं का. मला कुठून माहीत असणार.

आता जेवणाचं. काठावरच्या रेस्टॉरंटांच्या फळ्या वाचत फिरलो. आई प्रत्येक फळीपुढे थांबून आकडा बघायची आणि "मला फारशी भूक नाही" म्हणायची. काल गोकुळाष्टमीचा उपास केलेली बाई! 1870 चं पंपघर आता पब झालंय, धुराडं अजून उभं आहे. तिथे बाहेरची सगळी बाकडी भरलेली. शेवटी पुढच्या एका साध्याशा पबात, पाण्याच्या बाजूला, डगमगणारं टेबल मिळालं. बाबांनी खिशातल्या तिकिटाची घडी करून पायाखाली सारली.

मी खरं तर घाबरले होते. पब म्हणजे आपल्या भाषेत बार, आणि आई-बाबा जन्मात बारमध्ये बसलेले नाहीत. पण शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाला मटार भरवत होती, खाली कुत्रं झोपलं होतं. आईने पदर सावरला आणि बसली.

इथे वाढपी येत नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे आधी द्यायचे, काटे-चमचे आपले आपण आणायचे. "आधी पैसे? आणि आणलंच नाही तर?" इति बाबा. काउंटरवर रांग दिसत नाही, पण कुणाच्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. मी आधी बटाट्याचं विचारलं. इंग्लंडच्या उत्तरेकडे चिप्स कधीकधी गाईच्या चरबीत तळतात, श्रावणात ते कळलं असतं तर आईने मला आयुष्यभर ऐकवलं असतं. तेल वनस्पतीचं निघालं, पण मासे त्याच कढईत. म्हणून आईसाठी 'ब्लाइंड स्काउस' घेतलं. स्काउस म्हणजे इथल्या खलाशांचा मटण-बटाट्याचा रस्सा, ज्यावरून इथल्या माणसांनाच स्काउसर म्हणतात. मटण नसलं की ते आंधळं. सोबत लोणच्यातला लाल कोबी आणि पाव.

बशी ठेवताना मुलगी आईला "देअर यू गो, लव्ह" म्हणाली. "मला लव्ह का म्हणाली ती?" आईने कुजबुजत विचारलं. रस्सा मात्र निम्म्याहून जास्त संपवला. मत विचारलं तर म्हणाली, "चांगला आहे. फोडणी विसरलेत."

आईचं स्काउस, बाबांचा चीज-कांदा भरलेला 'पाय' (pie), माझे फिश अँड चिप्स, सगळं मिळून 35 पाउंड आणि वर काही पेन्स. बाबांनी 118 ने गुणलं. पाणी फुकट, मागितलं की द्यावंच लागतं, कायदाच आहे, हे ऐकून जरा शांत झाले.

त्या 35 मध्ये माझी अर्धा पाइंट बिअर होती. मी दर शुक्रवारी पिते, आठ वर्षं झाली. बाबांसमोर कधी नाही. काउंटरवर तोंडातून सवयीने निघून गेलं आणि मग रद्द करायला लाज वाटली. ग्लास टेबलावर ठेवला तेव्हा आई पाण्यातल्या बोटींकडे बघायला लागली. मी चिप्सवर व्हिनेगर शिंपडत राहिले, नको इतकं.

बाबांनी ग्लास उचलला. मला वाटलं, झालं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरून फिरवला. काचेवर बारीक कोरलेला शिक्का होता, मुकुट आणि माप. लहानपणी घरी लोखंडी वजनं पडलेली असायची. त्यांच्या बुडाशी भोकात शिसं असे आणि शिशावर शिक्का. बाबा त्यावरून बोट फिरवायचे.

"अर्धा म्हणजे किती?"

"284 मिली."

"रेघ कुठे आहे?"

रेघ नाही, काठापर्यंत माप, फेस धरून, मी सांगितलं. पण निदान 95 टक्के तरी द्रव हवा, असा इथल्या धंद्यातला संकेत आहे.

बाबांनी फेसाला बाहेरून बोट लावलं. बोटभर होता. "हे पाच टक्क्यांत बसत नाही."

"जाऊ दे ना बाबा."

"जाऊ दे काय? पैसे पूर्ण दिलेस ना? जा, भरून घे."

मी गर्दीतून ग्लास सांभाळत परत काउंटरवर गेले. त्या मुलीने काही न विचारता नळाखाली धरला, फेस ओसंडू दिला, बाहेरून पुसून दिला. परत आले तर बाबांनी पुन्हा एकदा डोळ्यांसमोर धरला, मान हलवली आणि माझ्यापुढे सरकवला.

"हं. आता बरोबर आहे."

आई म्हणाली, "मासे गार होतायत तुझे."