मेस्कलेरोच्या मांडवात: जुलैमध्ये ओटेरो काउंटीला जाणार असाल तर

एल पासोला उतरून भाड्याची गाडी घेतली आणि ५४ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला लागलो, तेव्हा बाहेर नुसती आग होती. दीड तासात अलामोगोर्डो येतं. न्यू मेक्सिकोतल्या ओटेरो काउंटीचं हे मुख्य गाव. इथवर येणारी आपली बहुतेक मंडळी व्हाइट सँड्सची पांढरी वाळू बघतात, पिस्त्याच्या बागेतल्या तीस फुटी पिस्त्यापुढे फोटो काढतात आणि परततात. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि बारा वर्षांची लेक, पुढे डोंगरात मेस्कलेरोला चाललो होतो. तिथे ४ जुलैच्या सुमारास अपाचे या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचा चार दिवसांचा सोहळा असतो, आणि तो असतो वयात आलेल्या मुलींचा.

आमच्याकडे आजीच्या पिढीपर्यंत मुलीला न्हाण आलं की मखरात बसवायचे, ओटी भरायचे. माझ्या वेळेपर्यंत त्यातलं सगळं कौतुक गळून गेलं होतं. उरलं होतं फक्त 'कावळा शिवला' हे कुजबुजणं आणि चार दिवस बाजूला बसणं. लेकीने हे वेगळ्या रूपात बघावं अशी माझी फार इच्छा होती. प्रवासाचं खरं कारण तेच.

अलामोगोर्डोहून वीस मिनिटांवर तुलारोसा आहे. तिथे तासभर थांबाच. १८६२ साली वसलेल्या या गावात रस्त्याकडेने अजून पाट वाहतात, आपल्या कोकणातल्या बागांत असतात तसेच, आणि त्यांच्या काठाने कॉटनवूडची जुनी झाडं आहेत. गावातून ७० नंबरचा रस्ता धरला की चढ सुरू होतो. तुलारोसा साधारण साडेचार हजार फुटांवर, तर मेस्कलेरो साडेसहा हजारांच्या वर. अर्ध्या तासात हवा बदलते आणि काटेरी झुडपांच्या जागी पाइन दिसू लागतात. आम्ही गरम कपडे हॉटेलवर ठेवून गेलो आणि पहिल्या रात्री कुडकुडलो. जाकीट, घडीच्या खुर्च्या, बॅटरी आणि भरपूर पाणी गाडीत हवंच. जुलैत दुपारनंतर अचानक पाऊस येतो. २०२४च्या जूनमधल्या वणव्यांत मेस्कलेरोजवळच्या रुइदोसो गावाकडचे डोंगर जळाले, त्यामुळे त्या बाजूला थोड्या पावसानेही लोंढे येतात. रुइदोसोत मुक्काम करणार असाल तर पुराचे इशारे बघत राहा, ओढ्याकाठची खोली घेऊ नका. आम्ही अलामोगोर्डोतच राहिलो. रात्री उशिरा घाट उतरावा लागला, पण निवांत झोप मिळाली.

मेस्कलेरो हे स्पॅनिशांनी दिलेलं नाव. ही माणसं मेस्कल, म्हणजे घायपाताच्या जातीची झाडं, खणून त्यांचे गड्डे खड्ड्यात काही दिवस भाजून खायची, त्यावरून ते पडलं. १८७३ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या आदेशाने हे रिझर्व्हेशन, म्हणजे या लोकांसाठी राखून ठेवलेला प्रदेश, झालं. आज इथल्या एकाच जमातीत मेस्कलेरो, चिरिकाहुआ आणि लिपान असे तीन अपाचे गट एकत्र नांदतात. चिरिकाहुआंची कहाणी ऐकून मन सुन्न होतं. १८८६ मध्ये त्यांचा लढवय्या पुढारी जेरोनिमो शरण आला आणि त्याच्याबरोबर जवळजवळ सगळ्या चिरिकाहुआंना युद्धकैदी करून आगगाडीने फ्लोरिडाला पाठवलं. त्यात बायकामुलं होती, आणि अमेरिकी सैन्यासाठी वाटाड्याचं काम केलेले त्यांचेच भाऊबंदही होते. फ्लोरिडाहून अलाबामा, तिथून ओक्लाहोमातलं फोर्ट सिल. सत्तावीस वर्षं ही माणसं कैदी होती. १९१३ साली सुटका झाली तेव्हा बहुतेकजण मेस्कलेरोला आले, बाकीचे ओक्लाहोमात राहिले. तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या आजींचे आजी-आजोबा कैदेत जन्मलेले असू शकतात. तिथे बसताना हे माहीत असलेलं बरं.

मग मुलींचा सोहळा अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला का? सरकारने एके काळी या लोकांच्या एकत्र जमण्यावर आणि विधींवर बंधनं घातली होती. ४ जुलैला जमायला मुभा होती, म्हणून विधी त्या दिवसाच्या आसऱ्याला आले आणि तिथेच राहिले. आता त्याला जोडून रोडिओ, म्हणजे घोडे-बैलांवर बसण्याचे खेळ, असतो, मिरवणूक असते, नाचाच्या स्पर्धा असतात. पण गाभा पूर्वेला तोंड करून उभारलेल्या मोठ्या टिपीत, म्हणजे लांब खांबांच्या शंकूसारख्या तंबूत, आहे.

या चार दिवसांत मुलगी म्हणजे साक्षात श्वेतवर्णा आदिमाता, अशी त्यांची श्रद्धा. तिच्या अंगावर हरणाच्या कातड्याचा पोशाख, त्याला पत्र्याच्या छोट्या शंकूंच्या झालरी. ती हलली की पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. चेहऱ्यावर पाणकणसाचे पिवळे पराग. माझ्या डोळ्यांपुढे एकदम हळद लागलेली नवरी आली. फरक एवढाच की इथे नवरदेव नाही, लग्न नाही. सोहळा फक्त तिचा.

आणि तो सोपा नाही. रात्री टिपीत गाणारे पुरुष खुरांचे खुळखुळे वाजवत गातात आणि ती कातड्यावर उभी राहून त्या गाण्यांवर पावलं टाकत राहते. शेवटची रात्र तर पहाटेपर्यंत. आपल्या जागरण-गोंधळासारखीच देवाची रात्र. बाहेर मैदानात मोठी धुनी पेटलेली असते आणि अंधारातून पर्वतदेव येतात: अंग रंगवलेलं, तोंडावर काळा बुरखा, डोक्यावर लाकडी पट्ट्यांचा उंच मुकुट, दोन्ही हातांत लाकडी पाती. आगीकडे येतात, मागे सरतात, पुन्हा येतात, असं चार वेळा. सगळं चाराच्या हिशेबात.

नेमकं तेव्हा माझ्या लेकीने फोन वर केला. शेजारच्या आजींनी काही न बोलता हात पुढे करून तिचा फोन हळूच खाली दाबला आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं. लेक लाजली, मी तर जास्तच. सूचना मला माहीत होती, तिला नीट सांगितली नव्हती. तेव्हा जाणाऱ्यांना कळकळीने सांगते: विधीच्या जागी फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण काही नाही. फोन गाडीतच ठेवा. टिपी आणि धुनी यांच्या मधून जाऊ नका. मुलीला हात लावायला, तिच्याशी बोलायला जाऊ नका. दारूचं तर नावच नको. आपण तमाशबीन नाही, पाहुणे आहोत.

दुसऱ्या दिवशी सेंट जोसेफ अपाचे मिशनचं चर्च पाहिलं. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या फादर अल्बर्ट ब्राउन यांनी त्या युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ ते बांधायला घेतलं. दगडी काम १९२० पासून १९३९ पर्यंत चाललं. आत अपाचे वेशातला येशू रंगवलेला आहे. २०२४ मध्ये हे चित्र एकाएकी हलवण्यात आलं होतं. लोकांनी आवाज उठवला आणि ते परत आणायला लावलं. आम्ही गेलो तेव्हा एक बाई त्याच्यापुढे डोळे मिटून बसल्या होत्या.

जेवणाची काळजी नको. मुलींच्या घरच्यांनी ओकच्या फांद्यांचे मांडव घातलेले असतात आणि येईल त्याला जेवू घालतात, आपल्या भंडाऱ्यासारखं. रांगेत वडीलधाऱ्यांना पुढे जाऊ द्या. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण घेवड्याच्या उसळीतही मांस असू शकतं. तळलेली गरम पोळी मात्र लेकीने तीन वेळा घेतली. रोडिओसाठी, दुकानांसाठी रोख पैसे जवळ ठेवा. तारखा आणि बाहेरच्यांना प्रवेश आहे का हे जमातीच्या कार्यालयात फोन करून आधी विचारून घ्या.

आणखी एक, आपल्या व्हिसावाल्यांसाठी. ५४ नंबरवर अलामोगोर्डोच्या दक्षिणेला आणि ७० नंबरवर लास क्रुसेसकडे जाताना सीमा पोलिसांची चौकी लागते. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) जवळ असू द्या.

रात्री धुनीभोवती बाहेरच्या कडेने बायका शाली पांघरून संथ पावलांनी नाचतात. दुसऱ्या रात्री त्याच आजी लेकीला म्हणाल्या, "शाल असेल तर ये." आईची सोलापुरी शाल गाडीत होती. ती घेऊन लेक त्यांच्यामागे गेली आणि पाऊण तास परत आली नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे पाचला पोहोचलो. सूर्य वर आला, मुलीचा चेहरा पांढऱ्या मातीने रंगवलेला, आणि ती पूर्वेकडच्या टोपलीला वळसा घालून धावली. चार वेळा. रात्रभर उभी राहिलेली ती पोर शेवटच्या फेरीत सगळ्यांत जोरात धावली. मागे टिपी खाली आली, बायकांनी तारस्वरात किलकारी दिली आणि गोळ्या-चॉकलेटं, फळं गर्दीवर उधळली गेली. बोरन्हाणात पोरं तुटून पडतात तशी सगळी पोरं धावली. लेकीने शाल पसरली. तिच्यात दोन चॉकलेटं आणि एक संत्रं पडलं. संत्रं तिने आजींना नेऊन दिलं.