ढाक्याचे संसद भवन
राष्ट्राची ओळख वास्तूत कशी उतरते, याचा विचार करताना मला ढाक्याचे जातीय संसद भवन सर्वांत आधी आठवते. पाकिस्तानच्या दुसऱ्या राजधानीसाठी १९६०च्या दशकात अमेरिकी वास्तुविशारद लुई कान यांनी त्याचा आराखडा केला, १९७१च्या मुक्तियुद्धात काम थांबले आणि १९८२ मध्ये, कान यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, ते स्वतंत्र बांगलादेशासाठी पूर्ण झाले. करड्या काँक्रीटमधल्या संगमरवरी पट्ट्या, भिंतींत कोरल्यासारखी प्रचंड वर्तुळे आणि त्रिकोण यांत जुन्या घुमटांची नक्कल नाही. तरीही सभोवतालच्या पाण्यामुळे ही वास्तू नद्यांच्या त्या प्रदेशाचीच वाटते. ज्या सत्तेने ती मागवली, तिच्याविरुद्ध लढलेल्या लोकांनीच ती आपली मानली आणि पुढे चलनी नोटांवरही छापली.