वहीतली काळी पाच

२८ सप्टेंबरच्या शोला आता दोन महिने होत आले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, बावीस वर्षं झाली. मिरजेचा आहे. कीबोर्डवाल्याच्या गळ्यात न मागता एक काम पडतं, ते म्हणजे पट्ट्या ठरवणं, गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा ते (काळी पाच, पांढरी सहा ही त्या सुरांची पेटीवरची नावं). लोकांना वाटतं गायक आला, गाणं ठरलं, वाजवायला सुरुवात. तसं नसतं. प्रत्येक गाणं प्रत्येक गळ्यासाठी वेगळं मापून घ्यावं लागतं, ब्लाउजसारखं. माझ्याकडे एक लांबडी वही आहे, हिशेबाची असते तसली, त्यात डावीकडे गाणं आणि पुढे कोण कुठल्या पट्टीत गातं ते पेन्सिलनं. पेन्सिलनंच, कारण गळे बदलतात.

नवीन पोरं येतात ती विचारतात, वरचा सूर कुठला लागतो? मी म्हणतो वरचा सूर सोड, तो एकदा येऊन जातो, गाणं मुक्कामाला कुठं आहे ते बघ. एखादं गाणं वर तार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या म पर्यंत, जातं पण उरलेला सगळा वेळ मधल्या सप्तकात आरामात बसलेलं असतं, ते कुणीही निभावतं. आणि एखादं फार वर जातच नाही, पण तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, आसपास असं घुटमळत राहतं की दुसऱ्या अंतऱ्याला गायकाच्या मानेच्या शिरा दिसायला लागतात. साधारण गळा दीड सप्तक नीट चालतो, सिनेमातली बरीच गाणी तेवढंच मागतात, फक्त तुमचं दीड आणि गाण्याचं दीड एकावर एक बसलं पाहिजे. ड्युएटला तर खरी मारामारी. पुरुष काळी एक-काळी दोनचा, बाई काळी चार-काळी पाचची, कुणीतरी एकानं मरायचं. आमच्याकडे बहुतेक वेळा पुरुष मरतो.

तर ताई. ताई आमच्या मुख्य गायिका, वय ५४, माझ्या आधीपासून संचात आहेत. लतादीदींच्या एका गाण्यावर त्यांचं नाव झालं (कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की पट्टीवरून भांडणं सुरू होतात). त्या गाण्यापुढे माझ्या वहीत असं आहे: २००४ काळी पाच. ती खोडून २०१४ पांढरी सहा. ती खोडून २०१९ काळी चार. पंधरा वर्षांत दोन सूर (कीबोर्डच्या लागोपाठच्या दोन पट्ट्या) खाली. यात लाजण्यासारखं काही नाही, पन्नाशीच्या आसपास बायकांचा आवाज जरा जाड होतो, वरचं थोडं जातं आणि खालचं भरतं. ताईंचा खालचा पंचम आज जो लागतो ना, तो २००४ ला नव्हता. तेव्हा नुसता स्पर्श व्हायचा, आता तिथं आवाज बसतो. मला तर तो काळी चारवाला आवाजच जास्त आवडतो, पण मला कोण विचारतंय.

दीदी २०२२ च्या फेब्रुवारीत गेल्या, तेव्हापासून त्यांच्या वाढदिवसाच्या, म्हणजे २८ सप्टेंबरच्या सुपाऱ्या आम्हाला जास्त येतात. यंदाची एका पतसंस्थेची होती, शेजारच्या तालुक्यात. तालमीला ताई म्हणाल्या, "ते गाणं यावेळी काळी पाचमध्येच द्या. दीदींच्या दिवशी दीदींची पट्टी." मी म्हटलं ताई, दोन सूर आहेत, उगीच कशाला. तर म्हणाल्या, "तू वाजव रे, गायचं माझ्यावर सोड." तालमीत गायल्या. लागला वरचा मध्यम, पण कसा, तर चालत्या एसटीचा दांडा धरतो तसा.

आता ही ओरिजिनल पट्टीची जी भक्ती आहे ना त्यावर मला बोलायचंय. जुनी रेकॉर्डिंग काढून कीबोर्डवर लावून बघा, कित्येक गाणी दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी सापडतात. काही ठिकाणी वाद्यंच तशी लावलेली असणार, बऱ्याच ठिकाणी टेपचा वेग जरा इकडेतिकडे झालेला. मला तर हे गाणं रेकॉर्डबरोबर वाजवायचं असेल तर कीबोर्डचा सूर नेहमीच्या ४४० हर्ट्झवरून सात-आठ चढवावा लागतो, नाहीतर जुळतच नाही. म्हणजे ज्या पट्टीसाठी आपण जीव टाकतो ती तिथं बसून तशीच्या तशी गायली होती का, हेही नक्की नाही. हे मी ताईंना दोनदा सांगून बघितलंय. त्या म्हणतात मशीनचं मशीनपाशी ठेव.

तरी मी गाण्यांचा क्रम नीट लावला होता. अवघड गाणं कधीही पहिलं द्यायचं नाही, गळा तापलेला नसतो, आणि शेवटीही नाही. सहावं-सातवं द्यायचं, त्याच्या आधी गायकाला एक गाणं सुट्टी, पाणी प्यायला वेळ. पण साडेसहाचा कार्यक्रम सुरू कधी झाला, पावणेनऊला! का, तर साहेब यायचे होते. साहेब आले, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर, मग ज्यांचं नाव राहून गेलं त्यांचा सत्कार. ताई सहा वाजता विंगेत आवाज लावून तयार होत्या, पावणेतीन तास पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. आवाज थंड झाला. आणि दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. चेअरमनसाहेबांनी निवेदकाच्या हातात चिठ्ठी दिली, "ही पाच गाणी पाहिजेतच." पाचही ताईंची, पाचही वरची. यादी करणाऱ्याला गाणारा माणूस असतो आणि त्याला घसा असतो हे माहीतच नसतं.

तीन गाणी पाठोपाठ झाली. तिसऱ्याच्या शेवटी मला मॉनिटरमध्ये ऐकू आलं की आवाजाची कड वाळलीय. असं असलं की गायक सूर थोडा खालून घेतो आणि वर ढकलतो. पुढचं तेच गाणं. निवेदक काहीतरी शेरोशायरी करत होता, तेवढ्यात मी ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी वरखाली करायचं, बटण दोनदा खाली दाबलं. डिस्प्लेवर वजा दोन. बासवाल्याला आणि बासरीवाल्याला दोन बोटं खाली करून दाखवली. बासरीवाल्यानं गपचूप पिशवीतून दुसरी बासरी काढली, त्याच्याकडे चौदा आहेत, त्याचं भागतं. ताईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, हे तेव्हाचं कारण. आज ते कारण म्हणून लिहितानाही बरं वाटत नाही.

आणि तबलजीला सांगायचं राहून गेलं! तो माझ्या मागच्या बाजूला बसतो. त्याचा तबला काळी पाचात लागलेला, मी सुरुवातीचा पीस काळी चारमध्ये सोडला, त्यानं पहिला "ना" वाजवला आणि मला पाठीतून घाम फुटला. पण माणूस काय तयार आहे बघा, पुढच्या मात्रेपासून किनारीवरून, म्हणजे जिथून तबल्याची पट्टी ऐकू येते तिथून, हात काढून घेतला आणि अख्खं गाणं डग्ग्यावर आणि थापेवर काढलं. समोर कुणाला काही कळलं नाही. नंतर त्यानं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण बरोबर होतं.

ताई काय गायल्या हो. मुखडा खालच्या पंचमाला टेकला तेव्हा पुढच्या रांगेतली कुजबुज थांबली. अंतऱ्याला वरचा मध्यम सहज आला आणि सहज गेला, त्यावर त्यांनी एक छोटी मुरकी घेतली, जी मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. पाच मिनिटं मी नुसते कॉर्ड धरून बसलो होतो. संपलं, आधी शांतता, मग वन्स मोर.

ताई माइकवर हसून म्हणाल्या, "घेते. पण आता मूळ पट्टीत." आणि मागं वळून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काय होतं त्या बघण्यात ते मला अजून कळलेलं नाही. मी बटण दोनदा वर दाबलं.

आता तुम्हाला वाटेल आवाज फाटला. नाही. लागला. वरचा मध्यम असा खणखणीत लागला की शिट्ट्या पडल्या, लोक उभे राहिले, मोबाइल वर गेले. त्या सुरावर त्या मोजून दोन मात्रा जास्त थांबल्या. पण मी मागून बघत होतो ना, डावा हात मुठीत वळलेला, अंतऱ्याचे सगळे शब्द त्या एका सुराकडे नुसते पळत सुटलेले. मुरकी नाही, खालचा पंचम जेमतेम. माझ्या मते गाणं पहिल्यांदा झालं आणि दुसऱ्यांदा फक्त सूर झाला. पण हे सिद्ध कसं करणार? पहिल्याचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. जे काही आहे ते दुसऱ्याचं, ते आता सगळ्या ग्रुपवर फिरतंय, "या वयातही मूळ पट्टी!!" असं लिहून.

परत येताना गाडीत मी विचारलं, ताई तुम्हाला कळलं कसं. त्यांना नुसत्या कानानं पट्टी सांगता येत नाही, हे मला माहीत होतं. गरम पाण्याची बाटली मांडीवर धरून म्हणाल्या, "पहिल्या सा लाच. घशात जागा मोकळी होती." मग थोड्या वेळानं, "तू विचारायचं तरी." मी काहीच बोललो नाही, तबलजी बोलला, "मला पण विचारायचं," आणि गाडीत सगळे हसले, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. एका हळदीच्या कार्यक्रमाला कॉलेजची मुलगी उभी करावी लागली, ताईंची त्या दिवसाची नाईट, म्हणजे शोचे पैसे, गेली, आमची नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलायला पाहिजे होतं की नको, माहीत नाही.

पुढच्या तालमीला त्यांनी माझी वही मागून घेतली. ते पान काढलं, काळी चार खोडली आणि समोर बॉलपेननं लिहिलं, काळी पाच, खाली तारीख. माझ्या अख्ख्या वहीत पेनची ती एकच ओळ.

काल परत तालीम होती. तेच गाणं आलं. मी पीस सुरू करणार तेवढ्यात ताई शाल सावरत म्हणाल्या, "आज काळी चारमध्येच घे, घसा जरा धरलाय. शोचं शोला बघू." तबलजीनं माझ्याकडे बघितलं आणि तबला उतरवायला हातोडी उचलली.